घराचे कागद आणि घराची किंमत
(संस्थेच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हाला घराच्या खरेदी-विक्रीविषयी चार शब्द बोलायला सांगितले आहे. आम्ही वकील नाही आणि बिल्डर तर नाहीच नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेतले कारकून. मात्र गृहकर्जाच्या टेबलावर बसल्यामुळे लोकांच्या घरांचे कागद रोज आमच्या हाताखालून जातात. ते वाचून जे समजले तेवढेच सांगणार आहोत.

आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती सारखीच आहे. शेती नाही, असली तर नावापुरती. सोने थोडे. निवृत्तीच्या वेळी मिळालेला फंड मुलांच्या शिक्षणात आणि लग्नात गेलेला. मागे उरते ते एक घर. १९८२ च्या गिरणी संपानंतर कितीतरी कुटुंबे लालबाग-परळ-वरळीकडून कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आली. रेल्वे, महापालिका, टपाल अशा नोकऱ्यांतल्या लोकांनीही सोसायट्यांचे कर्ज काढून इथेच एक-दोन खोल्यांचे घर घेतले. आयुष्याची कमाई अशी एकाच ठिकाणी असल्यामुळे घराच्या व्यवहारात ठोकर बसली तर ती भरून काढायला दुसरे काही हाताशी नसते. म्हणून या विषयाकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे.

प्रथम बाजाराची स्थिती पाहू. या पट्ट्यात दोन प्रकारची घरे आहेत. एक, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतींतली. दुसरी, लिफ्ट आणि वाहनतळ असलेल्या नव्या उंच इमारतींतली. तरुण खरेदीदार कर्ज काढून घेतो आणि त्याची नजर दुसऱ्या प्रकारावर असते. जुन्या घराला गिऱ्हाईक नाही असे नव्हे. स्टेशनजवळचे, पहिल्या मजल्यावरचे, पाणी व्यवस्थित असलेले घर आजही विकले जाते. परंतु नव्या इमारतीचा भाव ऐकून जुन्या घराची किंमत ठरवली, की घर महिनोन् महिने पडून राहते.

येथे क्षेत्रफळाचा घोटाळाही होतो. जुन्या करारनाम्यांत बहुधा बिल्टअप क्षेत्र लिहिलेले असते. रेरा कायदा महाराष्ट्रात मे २०१७ पासून अमलात आल्यावर नव्या प्रकल्पातील घर चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर विकावे लागते. समजा, तुमच्या करारनाम्यात ६५० चौरस फूट बिल्टअप लिहिले आहे आणि भिंती वगळून आतले मोजमाप ५०० भरते. शेजारचे तसेच घर चटई क्षेत्रावर फुटाला ८,००० रुपयांनी गेले. तुम्ही ८,००० ला ६५० ने गुणले, तर ५२ लाख होतात. खरा हिशेब ५०० ने करायचा, म्हणजे ४० लाख. या बारा लाखांच्या फरकापायी खरेदीदार दारातूनच परत जातो. शेवटी गरज अंगावर आल्यावर तेच घर पडेल भावात द्यावे लागते. तेव्हा टेप घेऊन आधी घर मोजा, मग भाव सांगा. आपल्याच इमारतीत अलीकडे झालेल्या विक्रीची नोंद पाहा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २, ज्याला आपण इंडेक्स टू म्हणतो, ती शोधून पाहता येते. दलालाच्या तोंडच्या भावापेक्षा ती अधिक भरवशाची.

आता कागदांकडे वळू. घर विकायला काढण्याच्या तीन महिने आधी एक फाइल तयार करा. तीत बिल्डरपासून आपल्यापर्यंतचे सर्व नोंदणीकृत करारनामे, प्रत्येकाची इंडेक्स टू, भाग प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती, वीजबिल आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला हवा. मधला एखादा करारनामा हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मिळते. साखळीतला एक दुवा तुटलेला असला, तर खरेदीदाराची बँक कर्ज देताना तिथेच थांबते.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आणि आपल्या भागात कमी आढळतो तोही हाच. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आणि राहण्यास योग्य आहे, असे महापालिका किंवा नगरपरिषद त्यात म्हणते. डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींचे प्रकरण आपण वाचले असेल. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून तेथे रेरा नोंदणी मिळवली गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. घरे घेणाऱ्यांनी कर्ज काढले होते, नोंदणी केली होती, मुद्रांक शुल्क भरले होते. यावरून एकच धडा घ्यायचा : रेरा क्रमांक पाहून थांबू नका. परवानगीची खातरजमा थेट महापालिकेत करा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करून मंजुरीच्या प्रती मागता येतात. विकणाऱ्यानेही भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर ते लपवू नये. ती गोष्ट बँकेच्या वकिलाच्या अहवालात येतेच, आणि तोवर इसार घेतलेला असला तर भांडण दारात येते.

इसाराचा विषय निघालाच आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास जून २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई केलेली आहे. घेतली तर तेवढीच रक्कम दंड म्हणून जाऊ शकते. "थोडे वरचे, थोडे खालचे" या बोलीला भुलू नये. करारातली किंमत सरकारी मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी दाखवली, तर कर सरकारी मूल्यावर धरला जातो. म्हणजे रोख रकमेची जोखीम आपली आणि करही आपलाच. इसार चेकने किंवा बँकेमार्फत घ्यावा आणि पावतीवर पूर्ण किंमत, मुदत व व्यवहार मोडल्यास काय, हे लिहावे. पूर्ण रक्कम मिळाल्याशिवाय ताबा देऊ नये. खरेदीदार कर्ज घेत असेल तर बँकेचे मंजुरीपत्र पाहावे. आपल्यावर कर्ज शिल्लक असेल तर बाकीचे पत्र बँकेकडून घ्यावे. खरेदीदाराची बँक तेवढी रक्कम थेट आपल्या बँकेला देते.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद परत मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा की, पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत कागद परत द्यावेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. आम्ही बँकेतले असूनही हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ लोक कर्ज फेडून घरी जातात आणि कागद मागायचे विसरतात. ज्यांचे कर्ज जुने आहे त्यांनी आणखी एक करावे. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या मानकाशी जोडलेली आहेत, म्हणून ती लवकर उतरतात. त्याआधीच्या कर्जाचा दर मागेच राहिला असण्याचा संभव असतो. शाखेत जाऊन दर बदलून मागावा.

विक्रीनंतर करही येतो. घर दोन वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा जुना हिशेबही करता येतो. जो कमी पडेल तो घ्यावा. ५ लाखांचे घर ४० लाखांना गेले, तर नव्या पद्धतीने ३५ लाखांवर ४ लाख ३७ हजार ५०० रुपये, उपकर वेगळा. परंतु नफ्याची रक्कम विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांच्या आत दुसरे घर घेण्यात घातली, अथवा तीन वर्षांत बांधण्यात घातली, तर सूट मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर मिळाले नाही, तर पैसे बचत खात्यात न ठेवता बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावेत. एवढ्या एका गोष्टीसाठी सनदी लेखापालाची फी द्यावी लागली तरी ती वाया जात नाही.

आता वारसाचा प्रश्न. या टेबलावर सर्वांत जास्त अश्रू आम्ही याच प्रश्नावर पाहिले आहेत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ हा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान हिस्सा मिळतो. लग्न झालेल्या मुलीचा हिस्सा संपत नाही. नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत चुकीची आहे. सहकार कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर नॉमिनी हा तात्पुरता सभासद ठरतो. मालकी वारसांचीच राहते. म्हणून थोरल्या मुलाच्या नावाचे नॉमिनेशन आहे, एवढ्यावर घर विकता येत नाही. बहिणींची सही लागते. ही सही लग्नघाईत, "जरा इथे सही कर" म्हणून घेऊ नये. हक्कसोडपत्र वाचून दाखवावे, किंमत सांगावी, आणि तिला हिस्सा हवा असेल तर तो द्यावा. समतेचा विचार सभेत मांडायचा आणि घराच्या कागदावर बहिणीला वगळायचे, हे आपल्याला शोभत नाही. वडिलधाऱ्यांनी हातपाय धड असतानाच दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून ठेवले तर पुढची कटकट टळते.

जे विकणार नाहीत, राखणार आहेत, त्यांनी सोसायटीकडे लक्ष द्यावे. बऱ्याच जुन्या इमारतींखालची जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे. बिल्डर अभिहस्तांतरण करून देत नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. २००८ च्या दुरुस्तीने ही सोय झाली. पुनर्विकासाच्या बोलण्यांत जमीन कुणाची, हा पहिला प्रश्न असतो. इमारत १५ वर्षांची झाली की पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांनंतर तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करावी, असे आदर्श उपविधी सांगतात. घर भाड्याने देताना करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. ती जबाबदारी घरमालकाची आहे.

घर घेताना आडनाव विचारून काढता पाय घेणारे लोक अजूनही भेटतात. सहकारी सोसायटीला पात्र खरेदीदाराचे सभासदत्व पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही किंवा नकार मिळाला तर उपनिबंधकांकडे दाद मागावी. महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचे अधिमूल्य २५,००० रुपयांहून अधिक मागता येत नाही. देणगीच्या नावाने जास्त मागितले तर कोणत्या नियमाने, हे लेखी विचारावे. प्रश्न कागदावर आला की मागणारा सावध होतो.

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक काम सांगतो. या रविवारी आई-वडिलांना घराची फाइल काढायला सांगा आणि शेजारी बसून ती वाचा. क्षेत्रफळ किती, नाव कुणाचे, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, नॉमिनी कोण, हे एका पानावर लिहा. जे कागद नाहीत त्यांची यादी करा. आपल्या आजोबांना अंगठा उठवावा लागला असेल. तुम्हाला वाचता येते. त्या वाचण्याचा पहिला उपयोग घराच्या कागदांसाठी व्हावा, एवढीच विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.