आकडे डोळ्यांना दिसावेत कसे?
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि असे सर्वांसमोर उभे राहण्याचा हा दुसराच प्रसंग. पहिला गेल्या वर्षीचा. तेव्हा मी आपल्या पापड-मसाला विभागाचा जमाखर्च वाचून दाखवला होता. वाचता वाचता मान वर केली, तर पुढच्या रांगेतल्या काकूंना डुलकी लागलेली, आणि मागे चिवड्याच्या बश्या फिरू लागलेल्या. दोष त्यांचा नव्हता. एका दमात पन्नास आकडे ऐकून कोणाच्या लक्षात राहणार?

घरी येऊन मी आमच्या धाकटीला विचारले, "हे आकडे बायकांना नुसते पाहून कळतील, असे काही करता येते का ग?" ती कॉलेजात शिकते. म्हणाली, "आई, त्यालाच आलेख म्हणतात. बस, तुला शिकवते." त्या दिवसापासून रात्रीची भांडी आवरली की चौकटीची वही घेऊन मी तिच्यापुढे बसू लागले. जे शिकले, आणि शिकताना जी चूक केली, तेच आज सांगणार आहे.

पहिल्यांदा भीती वाटली. पण मग ध्यानात आले की यातले बरेच आपण रोज करतो. दुधाचे खाडे आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारून मांडतो. महिनाअखेर हिशेब करताना एक नजर टाकली की किती दिवस दूध घेतले नाही ते कळते. तेच खाडे वहीत ओळीने लिहिले असते, तर बोटाने मोजत बसावे लागले असते. चौकटीच्या वहीवर ठिपके देऊन रेघ जोडणे तर ठिपक्यांच्या रांगोळीइतकेच सोपे.

आता मुख्य गोष्टी सांगते. चित्र काढण्याआधी स्वतःला विचारावे, मला काय दाखवायचे आहे? कोण जास्त, कोण कमी हे दाखवायचे असेल तर उभे खांब काढावेत, आणि जमल्यास मोठ्यापासून लहानापर्यंत लावावेत. महिन्यामागून महिना काय घडले ते दाखवायचे तर रेघ काढावी. एका रुपयातले किती कशाला गेले, हे सांगायला पोळीसारखे वर्तुळ कापावे. पण तुकडे चार-पाचच असावेत. दहा तुकडे झाले की कोणता मोठा हे डोळ्यांना ठरवता येत नाही. आणि आकडे दोनच असतील तर सरळ लिहून टाकावेत, चित्राचा खटाटोप करू नये. या खांब-रेघांचा आणि वर्तुळाचा छापील वापर विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी रूढ केला. खांब आणि रेघा १७८६ साली, वर्तुळ १८०१ साली.

रंग मोजकेच वापरावेत. मी हौसेने सात रंग भरले होते. आमच्या दिरांनी ते पाहून विचारले, "वहिनी, यात मिरचीपूड कोणती आणि धणेपूड कोणती?" त्यांना लाल आणि हिरवा वेगळा दिसतच नाही, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हते. तेव्हापासून मी रंगाबरोबर नावही खांबावरच लिहिते.

आता माझी चूक. उन्हाळ्यात कोणी किती किलो पापड लाटले, त्याचा आलेख काढून मी मंडळाच्या फळ्यावर लावला. कागद लहान होता. सर्वांचे आकडे चाळीसच्या वर होते, म्हणून मी खालचे चाळीस किलो गाळले आणि खांब चाळिसापासून सुरू केले. एकीचे ५२ किलो झाले होते, आमच्या शेजारच्या वहिनींचे ४४. म्हणजे एकीचा खांब बारा चौकटींचा, आणि वहिनींचा चारच चौकटींचा! आकडे सगळे खरे होते. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसले ते एवढेच, की या बाईने दुसरीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे काम केले.

वहिनी काही बोलल्या नाहीत. फक्त मंडळात येईनाशा झाल्या. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचे सगळे करून रात्री अकराला वहिनी पापड लाटायला बसत. चहा देऊन म्हणाल्या, "ताई, चव्वेचाळीस किलो मी मान मोडून लाटले. आणि तुम्ही फळ्यावर मला आळशी करून टांगलेत." मला उत्तर सुचेना. घरी येऊन दोन कागद एकाखाली एक चिकटवले, शून्यापासून खांब काढले, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष पहिला आलेख उतरवून हा लावला. चूक काय होती तेही सांगितले. दोन्ही खांब जवळपास सारखेच दिसत होते. वहिनी पुढच्या सोमवारी आल्या. आजही त्या समोर बसल्या आहेत, आणि त्यांच्या परवानगीनेच मी हे सांगते आहे.

लेकीने नंतर मला फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची हकीकत सांगितली. क्रिमियाच्या लढाईत, १८५४ च्या नोव्हेंबरात, त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. तिथे शिपाई जखमांपेक्षा कॉलरा, हगवण आणि तापानेच फार मरत होते. परत आल्यावर त्यांनी १८५८ साली बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या करून चित्र छापले. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळे, जखमांचे तांबडे, बाकीचे काळे. निळा रंग इतका पसरला होता की स्वच्छतेकडे दुर्लक्ष करणाऱ्या अधिकाऱ्यांना पाहिले नाही असे म्हणता येईना. पण मला धीर आला तो पुढच्या गोष्टीने. बाईंच्या आधीच्या एका चित्रात आकड्याप्रमाणे फक्त लांबी मोजली होती, त्यामुळे मोठे आकडे होते त्याहून फार मोठे दिसत. ते कळल्यावर त्यांनी पद्धत बदलली, आणि पाकळीचे क्षेत्रफळ आकड्याशी जुळवले.

ही चूक आपल्याही हातून होते. विक्री दुप्पट झाली म्हणून दुप्पट उंचीचा डबा काढला, तर तो रुंदीलाही दुप्पट होतो, आणि कागदावर चौपट जागा व्यापतो. पाहणाऱ्याला विक्री चौपट वाटते.

त्याच १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलऱ्याने सहाशेहून अधिक माणसे गेली. जॉन स्नो या डॉक्टरांनी घरोघर चौकशी केली, तेव्हा संशय एका पाण्याच्या पंपावर आला. त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही खरे. नंतर त्यांनी नकाशा छापला. प्रत्येक मृत्यूला घरापाशी एक काळी रेघ. रेघांची दाटी त्या पंपाभोवती, आणि जवळच्या दारूभट्टीवर मात्र जवळजवळ काहीच नाही. कारण तिथले कामगार ते पाणी पीत नव्हते. रिकामी जागासुद्धा बोलते, हे मी त्यावरून शिकले.

हे आपल्या काय कामाचे, असे कोणी म्हणेल. अंगणवाडीतल्या बाळाच्या कार्डाकडे पाहा. आडवे वय, उभे वजन. हिरवा पट्टा ठीक, पिवळा काळजीचा, नारिंगी धोक्याचा. पण नुसता पट्टा पाहून स्वस्थ बसू नये, रेघ कुठे चालली आहे ते पाहावे. माझ्या नातवाचा ठिपका हिरव्यातच होता, म्हणून सून निश्चिंत होती. मी तीन महिन्यांचे ठिपके जोडून पाहिले, तर रेघ आडवी झाली होती. म्हणजे बाळ वाढतच नव्हते. लगेच दाखवले, म्हणून वेळेवर इलाज झाला. पूर्वी मी त्या कार्डाची घडी करून डब्यात ठेवून दिली असती.

आणि २०२० साली करोनाच्या दिवसांत रोज टीव्हीवर आलेख यायचे, आता मोबाईलवरही येतात. तेव्हा आपण तीन प्रश्न विचारावेत. खांब शून्यापासून आहेत का? आकडे कुठून आणले ते लिहिले आहे का? आणि काय गाळले आहे?

यंदाचा जमाखर्च मी वाचून दाखवणार नाही. तो दाराशेजारी भिंतीवर लावला आहे. पापडांपेक्षा पिशव्यांचा खर्च कसा वाढत गेला, ते जाता जाता पाहा, आणि उपाय सुचवा. कुठे माझा खांब चुकला असेल, तर घरी न बसता मला येऊन सांगा.