जुनी गाडी, दुसरं इंजिन आणि आपली सही

बायांच्या कार्यक्रमात आज गाडीच्या इंजिनाची गोष्ट कशाला, असं काही जणींना वाटेल. पण दुपारच्या वेळी गावातून एक फेरी मारा. कुणाच्या गोठ्याशेजारी, कुणाच्या शेडमध्ये एखादी जुनी मारुती एटहंड्रेड बॉनेट उघडून उभी दिसते. आत इंजिनाची जागा रिकामी आणि भोवती तीन-चार पोरं काळे हात घेऊन बसलेली. विचारलं तर म्हणतात, "काकू, हिला झेनचं इंजिन बसवतोय." पोरांची हौस आहे, वाईट काही नाही. दारू-जुगारापेक्षा लाख पटीनं बरी. पण त्या हौसेला पैसा घरातून जातो, जागा आपल्या अंगणातली जाते आणि गटातून कर्ज काढायचं झालं तर सही आपली लागते. म्हणून आपल्याला त्यातलं थोडंफार कळलं पाहिजे, असं आम्हा गटातल्या बायांना वाटलं.

आधी गाडीविषयी. मारुती एटहंड्रेड पहिल्यांदा ग्राहकाच्या हाती पडली ती १४ डिसेंबर १९८३ ला, दिल्लीत. पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिल्या मालकाच्या हाती किल्ली दिली होती. २०१४ च्या जानेवारीत ही गाडी बनायची बंद झाली. तीस वर्षं चालली, त्यामुळे गावोगावी आजही तिचे भाग मिळतात आणि तिच्यावर हात फिरलेला मिस्त्रीही सापडतो. जुनी गाडी स्वस्तात मिळते, वजनाला हलकी असते. पोरं हीच गाडी का धरतात ते यात आलं.

तिचं इंजिन ७९६ सीसीचं. सीसी म्हणजे काय, तर इंजिनाच्या सिलिंडरांमध्ये मावणारी जागा. एटहंड्रेडला तीन सिलिंडर, तिन्ही मिळून पाऊण लिटरच्या जरा वर. झेनचं इंजिन ९९३ सीसीचं, चार सिलिंडरचं, म्हणजे जवळजवळ एक लिटरचं. कार्बुरेटरवाल्या एटहंड्रेडची ताकद साधारण ३७ अश्वशक्ती, तशाच झेनची साधारण ५०. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, दोन्हींत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे आडवे बसतात. त्यामुळे पोरांना वाटतं, हे काढलं आणि ते ठेवलं की झालं.

तसं होत नाही. इंजिन ज्या रबरी फाउंडेशनवर बसतं त्यांच्या जागा जुळवाव्या लागतात. जुळत नसतील तर लोखंडी पट्ट्या कापून नवीन ब्रॅकेट वेल्डिंग करावे लागतात. चाकांना फिरवणारे एक्सल लांबीला आणि दात्यांना बरोबर यावे लागतात. मोठं इंजिन जास्त तापतं, म्हणून रेडिएटर मोठा हवा. क्लचची तार, ॲक्सिलरेटरची तार, सायलेन्सरचा पाइप, सगळं नव्यानं बेतायचं. आणि नंतरच्या काळातलं, संगणकानं पेट्रोल सोडणारं इंजिन आणलं, तर त्याचं आख्खं वायरिंग, सेन्सर आणि टाकीतला पंपसुद्धा बरोबर आणावा लागतो. पोरं भंगारवाल्याकडून आणलेल्या इंजिनाची किंमत सांगतात. बाकीचा खर्च त्या हिशोबात नसतोच, तो नंतर हप्त्याहप्त्यानं बाहेर येतो.

हे आपल्याला विहिरीवरच्या मोटरीवरून चांगलं समजेल. तीनची मोटर काढून पाचची बसवली, पण केबल जुनीच, स्टार्टर जुना, पाइप तोच ठेवला, तर काय होतं? केबल तापते, स्टार्टर जळतो, पाइपाचा जोड सुटतो. मोटर चांगली असते, पण भोवतालचं सगळं तीनच्या मापाचं असतं. गाडीचंही तसंच आहे. फरक इतकाच की विहिरीवर स्टार्टर जळतो आणि गाडीत माणसं बसलेली असतात.

ब्रेकचं सांगतो. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला लागणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ४० च्या वेगानं जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर जेवढ्या अंतरात थांबते, ८० च्या वेगाला साधारण त्याच्या चौपट अंतर लागतं. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी पुढे सरकते ते वेगळंच. एटहंड्रेडचे ब्रेक, तिचे बारीक टायर, तिचे शॉकअप हे सगळं तिच्या मूळच्या ताकदीचा विचार करून दिलेलं आहे. इंजिन बदलणाऱ्या जाणत्या माणसाचं पहिलं लक्ष ब्रेककडे जातं. पोरांचं लक्ष कशाकडे असतं? सायलेन्सरच्या आवाजाकडे! घरात विचारायचा पहिला प्रश्न आम्हाला हाच वाटतो, "ब्रेकचं काय केलंस?" उत्तर अडखळत आलं तर समजून घ्या.

आता कागद. इथं मात्र बऱ्याच घरांत अंधार आहे. आरसी बुकात गाडीचा चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो, किती सीसीचं इंजिन ते असतं. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमात म्हटलं आहे की कंपनीनं मुळात जे तपशील दिले, त्यांच्याशी आरसीतले तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही एका निकालात हेच स्पष्ट केलं. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. प्रत्येक बदलामागे, हे ध्यानात घ्या. इंजिन हा एक बदल. बाकीचे धरले तर रक्कम वाढत जाते.

मग काहीच करता येत नाही का? येतं. इंजिन खरोखरच संपलं असेल तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन बसवता येतं. नवा नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. मान्यता असलेलं सीएनजी किट बसवता येतं, मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किटही बसवता येतं. त्याचीही नोंद आरसीवर करायची. अशा गोष्टींची चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे. पण मोठ्या गाडीचं जास्त ताकदीचं इंजिन छोट्या गाडीत घालून ती रस्त्यावर पळवणं हे यात बसत नाही. मिस्त्री म्हणतो, "वहिनी, कोण बघतंय?" बघणारे दोघं असतात, आरटीओचा निरीक्षक आणि अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर. गाडीत न कळवता बदल केलेला निघाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. समोरच्याला भरपाई द्यावी लागली तर ती मालकाकडून वसूल करण्याची वेळ येऊ शकते. मालक म्हणजे कोण? आरसीवर नाव असेल तो. पुष्कळ ठिकाणी ते नाव वडिलांचं असतं, कधी कधी आपलं असतं.

आणखी एक. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासून घेऊन ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. एटहंड्रेड २०१४ ला बंद झाली, तेव्हा आज मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांची १५ वर्षं उलटून गेली आहेत. म्हणजे गाडी आरटीओपुढे उभी करावीच लागणार आणि तिथं चेसिस, इंजिन, सगळं पाहिलं जाणार. जुनी गाडी घेण्याआधी आरसीवरची तारीख वाचा. भंगारातलं इंजिन घेताना पावती मागा, पावतीवर इंजिन नंबर लिहून घ्या. बिनपावतीचं इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर पोलीस दारात येतात, आणि तेव्हा दारात आपणच असतो.

हे सगळं ऐकून पोरांना बदडायला निघू नका. त्यांच्या हातात जी कला आहे ती खरी आहे. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, तिथले दत्तात्रय लोहार तुम्हाला आठवत असतील. मुलाच्या हौसेसाठी त्यांनी मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग जमवून छोटी जीप बनवली. टू-व्हीलरसारखी किक मारली की ती सुरू व्हायची. खर्च साधारण ६०,००० रुपये. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला. उद्योगपती आनंद महिंद्रांनी त्यांच्या कल्पकतेचं मनापासून कौतुक केलं, पण त्याच दमात सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. त्यांनी त्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. कौतुक करणाऱ्यानंही ती गाडी रस्त्यावर चालेल असं म्हटलं नाही, हे गावातल्या चर्चेत कुणी सांगत नाही. सगळ्यांना बोलेरो तेवढी आठवते. आणि प्रत्येक पोराच्या दारात काही बोलेरो येणार नाही.

मग ही हौस कुठे भागवायची? आपल्या शेतात, बांधाच्या आत, रस्त्यावर न आणता गाडी खोलून जोडायला शिकता येतं. त्यातून पोरगा जे शिकेल ते आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांत उपयोगी पडेल. इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलामुलींसाठी बाजा नावाची स्पर्धा आहे. आपल्या देशात ती २००७ साली सुरू झाली. मुलं स्वतः गाडी बनवतात आणि इंदूरजवळ पिथमपूरच्या चाचणी मैदानावर ती पळवत आली आहेत. गाडी पळवण्याआधी तिथं ब्रेकची परीक्षा होते, ती पास झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे संघ त्यात उतरतात, संघात मुली असतात, आणि वेल्डिंगचा चष्मा त्याही लावतात. आणि घरच्याच एटहंड्रेडचं मूळ इंजिन खोलून, बोअर करून, रिंगा-पिस्टन बदलून पुन्हा पहिल्यासारखं करणं, यातही कमी कसब लागत नाही. आम्हाला विचाराल तर जास्तच लागतं. शिवाय ती गाडी रस्त्यावर राहते आणि बाजारात विकलीही जाते.

आमच्या गटात असंच एक कर्ज मागायला आलं होतं, एका ताईच्या मुलासाठी. बैठक लांबली. कुणी म्हणालं, शेळीला देतो तर गाडीला का नाही? कुणी म्हणालं, शेळी व्याते, गाडी पेट्रोल पिते. शेवटी ठरलं की इंजिनासाठी कर्ज द्यायचं नाही, अवजारांसाठी द्यायचं. पान्यांचा चांगला संच, चेनकप्पी, टॉर्क पाना. उद्या तो मुलगा कुठल्याही गॅरेजला गेला तरी अवजारं त्याचीच राहतात. मुलगा थोडा रुसला, हे खरं.

अंगणात काम चालू असेल तर काही गोष्टी मात्र आजच बघा. इंजिन उचलायला चेनकप्पी कशाला बांधली आहे? पत्र्याच्या शेडच्या पाइपाला बांधली असेल तर सोडायला लावा. ते पाइप पत्र्याचं वजन पेलायला असतात. पेट्रोलच्या टाकीला किंवा तिच्याजवळ वेल्डिंग नको. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. बंद गोठ्यात इंजिन चालू ठेवायचं नाही, त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस आणि जनावर दोघंही गुंगतात. काढलेलं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीच्या काठाला ओतू देऊ नका, डब्यात भरून गॅरेजला परत द्या.

आणि रेडिओ बंद केलात की गाडीखाली वाकून पाहा, ती कशावर उभी आहे. नुसत्या जॅकवर असेल तर पोराला आधी बाहेर बोलवा. लोखंडी घोडी किंवा जाड लाकडी ठोकळे दोन्ही बाजूंना लावून होईपर्यंत त्याला परत खाली जाऊ देऊ नका. विटा चालणार नाहीत, त्या फुटतात.