शाल, श्रीफळ आणि वाण

पावसानं जोर धरलाय, लावणीची घाई आहे. चिखलातून येऊन, हातपाय धुऊन, चहाचं आधण ठेवून तुम्ही रेडिओ लावला असेल. आज हप्ते, व्याज, ठराव यांतलं काही बोलणार नाही. आज एका मुलाची आठवण काढायची आहे. तो गेला तेव्हा 22 वर्षांचा होता आणि गेला तो दिवस 10 जुलै, म्हणजे ह्याच दिवसांतला.

त्याचं नाव यशवंत घाडगे. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. तेव्हा जिल्ह्याला कुलाबा म्हणत. माणगावच्या तहसील कचेरीत ज्या कामाला गेल्या असतील त्यांनी त्याचा पुतळा पाहिला असेल. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, कसली कसली कामं घेऊन आपण तिथं जातो. पुतळ्याकडे बघतो आणि रांगेत उभ्या राहतो. खरं तर त्यांना ‘ते’ म्हणायला हवं, इतका मोठा मान त्यांना मिळाला. पण 22 वर्षांचा म्हणजे आपल्या घरातला धाकटा दीर, नाहीतर बहिणीचा मुलगा. म्हणून मी ‘तो’च म्हणणार आहे. मोठ्यांनी रागावू नये.

दुसरं महायुद्ध चालू होतं, 1944 साल. यशवंत तेव्हाच्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होता. नाईक म्हणजे लहानशा तुकडीचा म्होरक्या, हाताखाली थोडे जवान. ही पलटण इटलीत लढत होती. रोम शहरातून टायबर नावाची नदी वाहते. तिच्या वरच्या खोऱ्यात डोंगराळ मुलूख आहे. तिथं जर्मन सैन्य उंचावर दबा धरून होतं आणि आपल्या पोरांना खालून वर चढायचं होतं. डोंगर चढायची सवय त्यांना लहानपणापासूनची, पण वरून मशिनगन चालू असली की सवय कितीशी उपयोगाला येणार?

10 जुलैला त्यांच्या कंपनीनं हल्ला केला. यशवंतच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे पडले, कोणी मेले, कोणी जखमी झाले. उभा राहिला तो एकटा यशवंत. मागून यायला कोणी नाही हे त्याला दिसत होतं. तरी तो त्या मशिनगनवर धावून गेला. आधी हातगोळा टाकला, त्यानं मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प झाले. दुसऱ्याला त्यानं आपल्या बंदुकीनं टिपलं. तेवढ्यात गोळ्या संपल्या. नव्या भरायला वेळ नव्हता. मग त्यानं बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना आडवं केलं. मोर्चा त्याच्या एकट्याच्या हाती आला. आणि दूर लपलेल्या नेमबाजांनी त्याला छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यानं प्राण सोडला.

त्या दिवशी इकडे पळसगावात काय चाललं असेल? जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे लावणीच. इरलं डोक्यावर, आवण हातात. तार यायला किती दिवस लागले असतील कोण जाणे. आणि आणखी एक सांगते, कुणाला आवडो न आवडो. त्या मशिनगनवर जे चार जर्मन होते, त्यांच्याही आया कुठंतरी असतीलच. लढाईचं वर्णन ऐकताना आपलं रक्त सळसळतं, ते मला कळतं, माझंही सळसळतं. पण आपण बायकांनी ऐकताना तेवढंही ध्यानात ठेवावं.

यशवंतला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या वेळचा हा शौर्याचा सगळ्यात मोठा मान. काशाचा छोटासा क्रॉस असतो, सोन्याचांदीचा नव्हे. इटलीच्या लढाईत असे 20 क्रॉस दिले गेले, त्यातले 6 हिंदुस्थानी जवानांचे. इटलीत आपले सुमारे 50,000 जवान लढले आणि त्यातले 5,782 परत आले नाहीत. यशवंतचं नाव इटलीतल्या कॅसिनो इथल्या स्मारकावर कोरलेलं आहे. ज्यांची समाधी कुठं आहे ते ठाऊक नाही, अशांची नावं तिथं आहेत.

कोणी म्हणेल, ताई, ती तर इंग्रजांची फौज, त्यात आपलं काय? हा प्रश्न मला एका बैठकीत खरंच विचारला होता, आणि प्रश्न चुकीचा नाही. इंग्रजांनी आपल्याला न विचारता आपला देश त्या युद्धात ओढला, हे खरंच आहे. पण पलटणीत जाणाऱ्या पोरांचं घर कसं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. कोकणात भाताचं एक पीक, त्यात भाऊबंदांचे वाटे. मग एक भाऊ मुंबईच्या गिरणीत, एक पलटणीत. मनिऑर्डर आली की घरात मीठमिरची यायची. यशवंतच्या मनात काय होतं ते तो सांगून गेला नाही. पण आपल्या शेजारचा जवान पडला होता आणि तो मागं पळाला नाही, एवढं तर सगळ्यांना दिसलं. मला तेवढं पुरतं.

आणि बघा, परक्या मुलखातली माणसं त्याला विसरली नाहीत. इटलीत पेरुजा भागात मोंतोने नावाचं लहानसं डोंगरी गाव आहे. 2023 च्या जुलैत त्या गावानं यशवंत घाडगेच्या नावानं एक स्मारक उभारलं. कसलं? सूर्यघडीचं. काट्याच्या सावलीवरून वेळ कळते, तशी घडी. तिच्यावर त्यांच्या जुन्या लॅटिन भाषेत लिहिलं आहे, त्याचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. पुतळ्यापेक्षा मला ही कल्पना जास्त आवडली. पुतळ्याकडे वर्षातून एकदा बघतात, घडीकडे रोज बघावं लागतं.

आता मला जे बोलायचं आहे त्याकडे येते. तो क्रॉस घरी कोणाच्या हातात आला? त्याच्या बायकोच्या. नवराच 22 वर्षांचा, तर तिचं वय काय असेल ते तुम्हीच ठरवा. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय येत असे ते आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलं आहे. एका हातात एवढा मोठा मान, आणि दुसऱ्या हातातल्या बांगड्या फोडलेल्या.

आज काय आहे? आपल्या पंचक्रोशीतल्या एका वीरपत्नीशी माझं बोलणं झालं. नाव सांगत नाही, तिनं सांगू नको म्हटलंय. 26 जानेवारीला, 15 ऑगस्टला तिला बोलावतात, खुर्ची देतात, शाल-श्रीफळ देतात, फोटो होतो. शालींनी तिचं कपाट भरलंय. आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावात घरोघर हळदीकुंकू होतं, तेव्हा तिला कुणी बोलावत नाही. 26 जानेवारी बहुतेक वर्षी ह्याच दिवसांत येते बरं का. म्हणजे सकाळी शाळेच्या पटांगणात जिचा जयजयकार केला, तिच्याच दारावरून संध्याकाळी आपण वाण लुटायला पुढच्या घरी जातो. ती मला म्हणाली, शाल नको, कुणी तिळगूळ हातावर ठेवला तरी चालेल. त्यावर मला बोलायला काही सुचलं नाही.

शाल ग्रामपंचायत देते, पुढारी देतात. पण हळदीकुंकू पुढारी करत नाहीत, ते आपण करतो. यादी आपण काढतो, कुणाला बोलवायचं ते आपण ठरवतो. त्यामुळे ह्यात दोष सरकारला देता येणार नाही. सासू काय म्हणेल, शेजारीण काय म्हणेल, हे मला माहीत आहे. एकटीनं करायला गेलं की जड जातं. गटानं केलं की तेवढं जड राहत नाही. गट त्यासाठीच तर आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हे परिपत्रक तुमच्या ग्रामपंचायतीत मागा. ते आहे, मी मनानं सांगत नाही.

पैशाचंही थोडं बोलते. जवान गेला की त्याच्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, लग्न झालेलं नसेल तर आईवडिलांचा विचार होतो. हे पैसे तिच्या नावच्या खात्यात येतात. पासबुक तिच्या हातात असावं, दिराच्या खिशात नव्हे. एटीएमचा नंबर तिला पाठ असावा. गटात ती नसेल तर तिला गटात घ्या, बाकी मग आपोआप शिकते. आणि एक नियम मला मुद्दाम सांगायचा आहे. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या पत्नीला दर महिन्याला भत्ता मिळतो. पूर्वी तिनं दुसरं लग्न केलं की तो बंद व्हायचा. चालू राहायचा तो एकाच अटीवर, लग्न दिराशी केलं तर! म्हणजे पैसा घरात राहावा म्हणून बाईही घरातच राहावी. नोव्हेंबर 2017 मध्ये संरक्षण मंत्रालयानं ही अट काढून टाकली. आता तिनं कुणाशीही लग्न केलं तरी भत्ता तिचा. पण आपल्याकडे अजून कितीतरी जणींना जुनाच नियम खरा वाटतो, आणि घरातली माणसं तो तसाच सांगतात. शंका असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं जाऊन विचारा. एकटीनं जाऊ नका, गटातली एक बरोबर घ्या.

आता गावोगावच्या दगडांविषयी. काही जुन्या गावांत चावडीपाशी, नाहीतर देवळाच्या भिंतीत एक इंग्रजी अक्षरांची पाटी असते. ह्या गावातून इतके पुरुष 1914 ते 1919 च्या मोठ्या युद्धाला गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढंच तिच्यावर असतं. आकडा असतो, नाव नसतं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून त्या युद्धात गेलेले 46 जण परतले नाहीत. आज त्या गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पण आपल्या बाजूच्या लहान गावांत ती पाटी चुन्याखाली गेलेली असते, नाहीतर तिच्यावर शेणी थापलेल्या असतात.

ही नावं शोधता येतात. दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ठेवतं आणि ती मोबाइलवर फुकट बघता येते. कितीतरी नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतो. इंग्रजीत गावाचं नाव वेडंवाकडं लिहिलेलं असतं, म्हणून दोन-चार प्रकारे शोधावं लागतं. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलींना हे काम द्या, त्यांना एक संध्याकाळ पुरेल. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत गेलेल्या 25,000 हून जास्त जवानांची नावं दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारकावर कोरली आहेत. ते स्मारक 2019 साली झालं. आपल्या तालुक्यातलं कोण आहे ते सैनिक कल्याण कार्यालयातही कळतं. पण त्याआधी गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. कोण कुठल्या लढाईत गेला, तार कुणी वाचून दाखवली, त्याची बायको पुढं काय करत होती, हे कागदावर मिळणार नाही. ते त्यांच्याकडेच आहे, आणि त्या थकल्या आहेत.

यंदा 10 जुलैला आमच्या ग्रामसंघातल्या गटांनी असं ठरवलंय. संध्याकाळची बैठक नेहमीच्या वेळेलाच. हजेरी झाली की यशवंत घाडगेची हकीकत एकजण वाचेल. मग आपल्या गावातून गेलेल्यांची नावं, जेवढी मिळतील तेवढी. भाषण नाही, हारतुरे नाहीत, पाहुणा नाही. ज्या घरातला जवान गेला आहे त्या घरातल्या बाईला, ती वीरमाता असो की वीरपत्नी, दोघीजणी जाऊन घेऊन येतील आणि ती सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसेल. तिला बोलायचं असेल तर बोलेल, नसेल तर नाही. आणि पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या यादीत तिचं नाव घालायचा ठराव त्याच दिवशी वहीत लिहायचा, सह्या करायच्या. जानेवारीत मग, अगं विसरलेच, असं कुणाला म्हणता येणार नाही.

एका गटात ह्यावरून थोडं भांडण झालं, तेही सांगते. एकीचं म्हणणं, आपल्यात बाकीच्याही विधवा आहेत, कुणाचा नवरा ट्रॉलरवर गेला, कुणाचा दारूनं गेला, त्यांना का नाही? तिचं म्हणणं रास्त होतं. ठराव खोडून नव्यानं लिहिला. त्यात आता सगळ्या आहेत.

तुमच्या गावातली नावं मिळाली की वहीच्या पानाचा फोटो काढून केंद्राच्या नंबरवर पाठवा. नाव, गाव, कुठली लढाई, आणि घरी आता कोण आहे, एवढं लिहा. अर्धवट असली तरी पाठवा. पुढच्या महिन्यात ह्याच वेळेला मी ती वाचून दाखवीन. चला, पाऊस पुन्हा आला वाटतं. वाळत घातलेलं आत घ्या.