पंगतीत बोलता येईल तेवढंच

(नारायणगड येथे झालेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'मोबाईल : शाप की वरदान'. सातवीत आपल्याला 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध होता. मी शेवटी 'दोन्ही' असं लिहिलं आणि दहापैकी सहा मार्क मिळवले. उत्तर आजही तेच आहे. पण निबंधात न मावणारी एक गोष्ट मला आज सांगायची आहे, आणि ती माझ्याच चुकीची आहे.

आधी थोडं मागं जातो. दसरा-दिवाळी झाली की आपली निम्मी गावं रिकामी व्हायची. कोयते कारखान्यावर जायचे, मागं राहायची म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मी आठवीत असताना गल्लीतल्या आज्या माझ्याकडून पत्र लिहून घ्यायच्या. निळं अंतर्देशीय पत्र, त्यावर कारखान्याचं नाव आणि मुकादमाची टोळी. एका आजीचा मुलगा उचलीच्या पैशावरून भांडून गेला होता. तिनं रागानं चार वाक्यं सांगितली. मी ती लिहून, शिरस्त्याप्रमाणे, मोठ्यानं वाचून दाखवली. आजी गप्प झाली. मग म्हणाली, "खोड ते. म्हशीला रेडी झालीय, एवढंच लिही."

त्या काळी पत्र असं दुसऱ्याच्या कानावरून जायचं. आपलेच शब्द आपल्याला ऐकू यायचे आणि मगच ते पेटीत पडायचे. आता मधला तो कान राहिला नाही. अंगठा आणि समोरच्याचं काळीज, यांच्यामध्ये कोणीच नाही.

आपल्या १९९३ च्या दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप मीच काढला. त्याचे उपकार विसरण्यासारखे नाहीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनचा बेड मिळत नव्हता, तेव्हा आपल्या एका मैत्रिणीच्या नवऱ्यासाठी याच ग्रुपवर रात्री दोन वाजता शोधाशोध झाली. पहाटे बेड मिळाला. ती दोघंही आज इथं आहेत.

गंमतीही झाल्या. कोणीतरी आपल्या गणिताच्या सरांचं नाव टाकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. पंधरा मिनिटांत चाळीस जणांनी हात जोडले. वारलेले गृहस्थ त्याच नावाचे, पण दुसरेच होते. शेवटी सरांनीच लिहिलं, "मी शेतात आहे. हरभऱ्याला पाणी देतोय." सर समोर बसले आहेत, हसताहेत. पण बघा, सरांचा नंबर चाळीस जणांकडे होता. फोन एकानंही केला नाही.

आपल्यावर हसण्यावारी गेलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला तसं झालं नाही. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाईलवरून आधीच घरोघर पोचली होती. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले आणि जमावानं त्यांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एका ठिकाणावर आणली. कंपनीला आकडा कमी करता आला. पुढं पाठवण्याआधी विचार करायचं काम मात्र आपल्याकडेच राहिलं.

आता माझ्या चुकीकडे येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर आपल्या जिल्ह्यात मनं किती तापली होती, हे तुम्हाला सांगायला नको. पोस्टवरून गावागावांत ताण आला. २०२५ मध्ये तर बीड पोलिसांनी आपल्या नावाच्या पट्टीवरून आडनावं काढली, कारण आडनाव वाचलं की लोक जात वाचत होते. आपल्या वर्गात कोणाला कोणाचं आडनाव लागत होतं? आपण एकमेकांना टोपणनावानं ओळखायचो, आणि ती टोपणनावं या माईकवर सांगण्यासारखी नाहीत.

त्याच दिवसांत एका रात्री आपल्या ग्रुपवर एक मेसेज आला. कोणी टाकला ते सांगत नाही, त्यानंही तो लिहिलेला नव्हता, कुठून तरी आलेला पुढं ढकलला होता. एका समाजाबद्दल अत्यंत वाईट मजकूर होता. त्या समाजाचा आपला एक मित्र ग्रुपवर होता. त्यानं एकच ओळ लिहिली, "मित्रांनो, मी पण इथंच आहे."

मी ती ओळ वाचली. ॲडमिन मी होतो. मेसेज काढायला एक क्षण लागला असता. मी विचार केला, उद्या बघू, उगाच वाद वाढायला नको. सकाळी ग्रुपवर नेहमीप्रमाणे सुप्रभात, फुलं आणि सुविचार सुरू झाले. दुपारी तो ग्रुप सोडून गेला. तशी बारीक अक्षरातली ओळ दिसली आणि तिच्याखाली कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा लागल्या.

पोळ्याच्या सुमारास त्याचे वडील वारले. आम्ही सगळे त्यांना बप्पा म्हणायचो. दहावीच्या परीक्षेला रोज पहाटे सायकलवर पुढं मला आणि मागं त्याला बसवून केंद्रावर नेणारे ते बप्पा. गणिताचे सर जिवंत असताना आपण चाळीस जणांनी श्रद्धांजली वाहिली होती. बप्पा खरोखर गेले, तेव्हा आपल्याला कळलंसुद्धा नाही. मला दहावा झाल्यावर बाजारात दुसऱ्याच माणसाकडून समजलं.

मी तसाच त्याच्या घरी गेलो. त्यानं चहा केला. बराच वेळ आम्ही पावसापाण्याचं बोललो. मग तो म्हणाला, "मेसेजचा मला एवढा राग आला नाही. असले रोज येतात. मी माझ्या ओळीवर बोट दाबून बघितलं. कोणी कोणी वाचलं त्याची यादी येते ना? तुझं नाव दुसरं होतं."

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. माफी मात्र मागता येते. ती तेव्हा चहा पिताना मागितली होती, पण अपमान साठ जणांसमोर झाला होता, म्हणून आज सगळ्यांसमोर पुन्हा मागतो. माझं चुकलं, लेका.

मोबाईल बंद ठेवा, असं मी म्हणणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद होतात. पोरं अभ्यास करतात, चांगलंच आहे. पण साडेआठला फोन पुन्हा उघडल्यावर काय लिहायचं, हे भोंगा सांगत नाही. ते आपलं आपणच ठरवायचं आहे.

म्हणून मी ग्रुपसाठी एक नियम सुचवतो. या गडाला धाकटी पंढरी म्हणतात. थोड्या वेळानं आपण इथंच पंगतीला बसणार आहोत, मांडीला मांडी लावून. शेजारच्याच्या पत्रावळीकडे बघत जे आपल्याला मोठ्यानं बोलता येणार नाही, ते ग्रुपवर टाकायचं नाही. शंका आली तर आजीसारखं आधी मोठ्यानं वाचून बघायचं. आणि कोणी 'मी पण इथंच आहे' असं लिहिलं, तर वाचून पुढं सरकायचं नाही. त्याच रात्री त्याला फोन करायचा.

तो मित्र अजून ग्रुपवर परत आलेला नाही. मी आग्रहही केलेला नाही. पण आज तो आला आहे, तिसऱ्या रांगेत बसला आहे, आणि पंगतीत माझ्या शेजारची जागा मी त्याच्यासाठी धरली आहे.

सरांनी घड्याळ दाखवलं. वर्गातही असंच व्हायचं. थांबतो. रामकृष्णहरी.