सोयाबीनच्या दाण्यातली ओढाताण



टेक्का मार्केटमधून ताऊ क्वा आणून त्याची पनीरसारखी भाजी करणारी घरं आपल्यात भरपूर आहेत. आणि लातूर, वाशीम, अकोल्याकडून इथं आलेल्या कितीतरी जणांच्या घरचं शेत आजही सोयाबीनवर चालतं. तरी तुमच्या ताटातल्या ताऊ क्वाचा दाणा बहुधा कॅनडा किंवा अमेरिकेतून आलेला असतो, लातूरहून नाही. का बरं? याचं एक कारण दाण्याच्या पोटातच आहे, आणि आज तेवढंच बोलू.

सोयाबीनच्या दाण्यात साधारण 40 टक्के प्रथिनं आणि 18 ते 20 टक्के तेल असतं. ही दोन्ही भावंडं एकाच ताटात जेवतात, म्हणजे भांडतात. दाणा भरायला झाडाकडे साखर असते तेवढीच. ती तेलाकडे वळली की प्रथिनं घटतात. प्रथिनं वाढवायला जावं तर तेल कमी होतं आणि बहुतेक वेळा एकरी उताराही पडतो. रानटी सोयाबीनचा दाणा बारीक आणि काळपट असतो, पण त्यात प्रथिनं जास्त. हजारो वर्षं माणसानं टपोरा दाणा निवडून पेरला, आणि नकळत तेलाचीच बाजू घेतली. त्यामागचं एक महत्त्वाचं जनुक अलीकडेच विसाव्या गुणसूत्रावर सापडलं.

म्हणून नवं वाण काढणाऱ्याला आधी ठरवावं लागतं, कुणासाठी? टोफूवाल्याला भरपूर प्रथिनं हवीत, आणि दाण्याच्या पोटाशी असतो तो ठिपका फिकट हवा, नाहीतर दुधाचा रंग बिघडतो. आपल्याकडच्या जेएस 335 या वाणाचा ठिपका काळा. पण ते वाण टोफूसाठी काढलेलंच नव्हतं! 1994 साली आलेल्या या वाणानं मराठवाडा, विदर्भातल्या शेतकऱ्याला उतारा दिला, आणि त्याला तेव्हा तेच हवं होतं.

हे काम फार चिकाटीचं. सोयाबीनचं फूल नखाएवढंही नसतं, आणि ते उमलण्याआधीच आत परागीकरण उरकून घेतं. त्यामुळे कळी असतानाच चिमट्यानं पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, आणि एवढं करून शेंग धरली तर दोन-तीन दाणे. पुढं पिढ्यान्‌पिढ्या निवड, मग गावोगावच्या चाचण्या. दहा-बारा वर्षं सहज जातात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची वाणं एमएसीएस या नावानं येतात. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची ही इंग्रजी आद्याक्षरं. त्यांच्या एमएसीएस 1407 मध्ये 41 टक्के प्रथिनं आणि 19.81 टक्के तेल आहे, म्हणजे दोन्ही भावंडं बऱ्यापैकी जेवलेली. फक्त त्याची शिफारस आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येसाठी आहे.

आता खरी अडचण ऐका. बाजार समितीत पैसे मिळतात वजनाचे. ओलावा बघतात, काडीकचरा बघतात, पण दाण्यात तेल किती नि प्रथिनं किती, हे शेतकऱ्याच्या पोत्यापाशी कुणी मोजत नाही. शंभर किलोतून गिरणीला सुमारे 18 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास पेंड मिळते. दोन टक्के तेल जास्त निघालं तर फायदा गिरणीचा. मग ज्यानं उतारा घटेल ते वाण शेतकऱ्यानं का पेरावं? मला विचाराल तर प्रयोगशाळेइतकंच काम बाजार समितीच्या काट्यापाशी बाकी आहे. दाणा न दळता तेल-प्रथिनं सांगणारी यंत्रं आहेत, ती तिथं पोहोचायला हवीत.

इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं वेगळीच वाट धरली. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारा एक घटक असतो, म्हणून आपण ते नीट उकळतो. एनआरसी 127 मध्ये त्यातला मुख्य घटक नाही. एनआरसी 142 मध्ये तोही नाही, आणि उग्र वास आणणाऱ्या घटकांपैकी एकही कमी केलेला आहे. आजीला सोयाबीनचं पीठ पोळीत का नको असतं, ते तुम्हाला माहीत आहेच. हे वाण त्याच तक्रारीवरचा उपाय.

या आठवड्यात गावी फोन लावाल तेव्हा पावसापाण्याबरोबर एवढं विचारा: बियाण्याच्या पिशवीवर यंदा काय लिहिलं होतं? जेएस 335, फुले संगम, की आणखी काही? आणि ते का निवडलं, हेही विचारा.