चार कोटी ठिपक्यांचा हिशेब



या व्यासपीठावर राज्यकारभार, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय नेहमी येतात. त्यांच्या मानाने माझा आजचा विषय अगदी खिशात मावणारा आहे. हाती चांगला चालणारा छोटा कॅमेरा असताना, अधिक बारकावा टिपणारा नवा घ्यावा की घेऊ नये, एवढाच तो प्रश्न. पण प्रश्न लहान असला तरी त्यात लाख-सव्वा लाख रुपये गुंतलेले असतात. आणि मध्यमवर्गीय घरात एवढ्या रकमेला मुलीची फी, आईच्या डोळ्याचे ऑपरेशन, घराची गळती असे पुष्कळ वारस असतात. तेव्हा या प्रश्नाची जरा शिस्तीने छाननी केली, तर वेळ वाया गेला असे आपण म्हणणार नाही.

छाननीला प्रत्यक्ष उदाहरण घेतलेले बरे. जपानच्या फुजीफिल्म कंपनीचा एक्स१०० नावाचा कॅमेरा पुष्कळांनी पाहिला असेल. भिंग कायमचे बसवलेले, झूम नाही, कोटाच्या खिशात जेमतेम राहील असा आकार. पहिला २०११ साली आला, तेव्हा त्याचे चित्र सुमारे १ कोटी २३ लाख बिंदूंचे होते. २०२० सालच्या एक्स१००व्ही या पाचव्या आवृत्तीत ते २ कोटी ६१ लाखांवर गेले आणि २०२४ सालच्या सहाव्या आवृत्तीत ४ कोटी २ लाखांवर. अमेरिकेत पाचव्याची मूळ किंमत १३९९ डॉलर होती, सहाव्याची १५९९. ज्याच्यापाशी पाचवा आहे त्याने सहावा घ्यावा काय, हा आपला खटला.

जाहिरात म्हणते, अडीच कोटींचे चार कोटी झाले. म्हणजे दीडपटीहून अधिक! हा आकडा खोटा नाही. पण त्याचा अर्थ काय, हे आपल्या घरातल्या भगिनी अधिक चांगले सांगतील, कारण त्यांनी ठिपक्यांची रांगोळी काढलेली असते. दहा ओळींत दहा-दहा ठिपके मांडले की शंभर होतात. तेवढ्याच पाटावर प्रत्येक बाजूला दुप्पट, म्हणजे वीस-वीस ठिपके मांडायचे म्हटले, तर एकूण चारशे लागतात. ठिपके चौपट झाले, पण बारकावा झाला दुप्पटच. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. जुन्या कॅमेऱ्याच्या चित्राची लांब बाजू ६२४० बिंदूंची, नव्याची ७७२८ बिंदूंची. दीडपटीच्या घोषणेतून प्रत्यक्ष हाती लागते ती एका ओळीत सुमारे २४ टक्क्यांची वाढ. ती नगण्य नव्हे. पण दीडपटही नव्हे.

आता ही वाढ दिसते कोठे ते पाहू. निरोगी डोळ्याची शक्ती मर्यादित आहे. हाताशी, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटरवर धरलेल्या कागदावर एका इंचात साडेतीनशेच्या आसपास बिंदू असले, की त्यापुढचे वेगळे ओळखणे त्याला कठीण जाते. जुन्या कॅमेऱ्याचे चित्र ए-४ कागदावर छापले, तर लांब बाजूच्या एका इंचात पाचशेहून अधिक बिंदू बसतात. दुप्पट मोठ्या ए-३ कागदावरही पावणेचारशे बसतात. म्हणजे भिंतीवर लावण्याजोग्या चांगल्या मोठ्या तसबिरीपर्यंत जुना कॅमेराच आपल्या डोळ्याला पुरून उरतो. ए-२ कागदावर मात्र जुन्याचे २६७ होतात आणि नव्याचे ३३०. तेथे नाक लावून पाहणाऱ्याला फरक दिसेल. आणि पडद्याचे म्हणाल, तर घरातल्या फोर-के दूरदर्शन संचावर मिळून बिंदूच असतात ८३ लाख. चार कोटींचे चित्र तेथे आले की उरलेले तीन कोटी बाहेरच राहतात! व्हॉट्सॲपवर धाडलेले चित्र तर सहसा वाटेत आणखी आकसते.

कोणी म्हणेल, असू द्या, जास्त असले तर बिघडले कोठे? बिघडत काही नाही, पण प्रत्येक गोष्टीला किंमत असते. दोन्ही कॅमेऱ्यांतील संवेदकाचा तुकडा एकाच मापाचा आहे, सुमारे साडेतेवीस मिलिमीटर लांब. शेत तेवढेच, वाफे वाढवले. म्हणजे प्रत्येक वाफा लहान झाला. एका बिंदूची रुंदी पावणेचार मायक्रॉनवरून सुमारे तीन मायक्रॉनवर आली. शेतावर पडणारा पाऊस, म्हणजे प्रकाश, मात्र तेवढाच राहिला. त्यामुळे संध्याकाळच्या मंद उजेडात नवे चित्र अधिक स्वच्छ येईल, ही आशा निव्वळ बिंदूंच्या संख्येवर बांधता येणार नाही. सारख्या आकाराच्या कागदावर छापली, तर या बाबतीत दोन्ही चित्रे जवळपास सारखीच उतरावीत.

दुसरी अडचण प्रकाशाच्या स्वभावाची आहे. प्रकाश लाटांनी चालतो आणि अरुंद छिद्रातून जाताना पसरतो. भिंगाचे छिद्र एफ १६ इतके बारीक केले, की हिरव्या प्रकाशाच्या एका टिंबाची संवेदकावर सुमारे २१ मायक्रॉनची चकती होते. तीन मायक्रॉनच्या वाफ्याचा तेथे काय पाड लागणार? एफ १६ ठेवून देखावे टिपणाऱ्या गृहस्थाने नव्या बिंदूंचे पैसे मोजले, तरी भिंगातून त्याच्या पदरी जुनाच बारकावा पडणार. फाईलचे वजन तेवढे वाढेल: असंकुचित कच्ची फाईल पन्नास एमबीच्या घरातून ऐंशीच्या घरात जाते. पाठोपाठ मोठे कार्ड येते, मोठी डिस्क येते आणि जुना संगणकही कुरकुरू लागतो.

पण खटल्यात दुसरी बाजू ऐकल्यावाचून निकाल देणे अन्याय होईल. नव्या कॅमेऱ्याच्या बाजूने दोन साक्षी खऱ्या वजनदार आहेत. पहिली कापाकापीची. या कॅमेऱ्याला झूम नाही. दूरचा चेहरा जवळ आणायचा, तर चित्राचा मधला भाग कापून घ्यावा लागतो. नेहमीच्या पन्नास मिलिमीटर भिंगाइतका आवाका कापून घेतला, तर चित्राचा जवळजवळ अर्धाच भाग उरतो. जुन्यात उरतात सुमारे पावणेतेरा दशलक्ष बिंदू, नव्यात जवळजवळ वीस दशलक्ष. ज्याला असे वारंवार कापावे लागते, त्याला येथे उघड लाभ आहे.

दुसरी साक्ष स्थैर्याची, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची. सहाव्या आवृत्तीत संवेदकच हाताच्या कंपाविरुद्ध हलवून स्थिर ठेवण्याची योजना आहे. पाचवीत ती नव्हती. कंपनी सहा पायऱ्यांपर्यंत फायदा सांगते. त्यातल्या तीन पायऱ्या जरी प्रत्यक्षात लाभल्या, तरी एक-तीसांश सेकंदाच्या जागी पाव सेकंद हातात धरून चित्र घेता येईल. समईच्या उजेडातला गाभारा, जुन्या वाड्याचे अंधारे माजघर, तिवईला मनाई असलेले संग्रहालय, येथे ही सोय अमोल आहे. मात्र तिने आपला हात स्थिर होतो, नाचणारा नातू स्थिर होत नाही, हे ध्यानात असू द्यावे. बाकी भिंग तेच आहे आणि बॅटरीही तीच आहे.

थोडे मागे वळून पाहू. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला अंकीय कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचे होते आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तेथून चार कोटींपर्यंतची मजल विस्मयकारक आहे, यात शंका नाही. परंतु मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स या कॅमेऱ्यांनी स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली टिपली. १९७० साली त्यांनी छायाचित्रण थांबवले, आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले तेव्हाही ती चित्रे बोलत होती. ती टिकली, कारण त्या योग्य वेळी योग्य जागी उभ्या होत्या आणि कारण त्यांचा संग्रह जपला गेला. तो पुढे दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे गेला. आपल्या घरी काय होते? हजारो चित्रे एकाच डिस्कवर पडून राहतात. ती एके दिवशी बंद पडते आणि मुलीच्या बारशापासूनचा सारा इतिहास तिच्यासोबत जातो. दोन कोटींची चित्रे गेली काय आणि चार कोटींची गेली काय, जाणे सारखेच.

तेव्हा माझा निकाल असा. दुकानात जाण्यापूर्वी गेल्या वर्षभरातली आपलीच चित्रे काढून बसावे आणि फसलेली निराळी करावीत. ती हात हलल्याने फसली असतील, तर नवा कॅमेरा खरोखर उपयोगी पडेल. कापल्यावर फुटली असतील, किंवा ए-२ आणि त्याहून मोठे छापण्याचे काम आपल्याकडे येत असेल, तरी पडेल. पण ती उजेड चुकल्याने, क्षण निसटल्याने, जवळ जाण्याचा संकोच केल्याने फसली असतील, तर त्यावर चार कोटी काय, चाळीस कोटी बिंदूंचाही उतारा नाही. अशाने जुनाच कॅमेरा ठेवावा, आणि त्या पैशातून थोडे काढून आधी दोन डिस्क घ्याव्यात. एक घरी ठेवावी, दुसरी भावाच्या नाहीतर बहिणीच्या घरी. उरल्या पैशात वर्षाची निवडक पन्नास चित्रे चांगल्या कागदावर छापून घ्यावीत.

आणि कोणाला केवळ हौस म्हणून नवा घ्यायचा असेल, तर मी त्याच्या आड येणार नाही. हौसेला मोल नसते, हे मीही जाणतो. फक्त हौसेला गरजेचे नाव देऊन घरच्यांपुढे मांडू नये. ती हौस म्हणूनच सांगावी. घर चालवणाऱ्या माणसांना तेवढे समजते, आणि मग तो खर्च सर्वांच्या संमतीने होतो.