स्कीचा बंध आणि दुकानदाराची पारख

स्कीवरून बर्फाचा उतार उतरतांना पायाचें रक्षण मुख्यतः बूट व स्की यांना जोडणारा बंध, म्हणजे बाइंडिंग, करीत असतो. पडतांना पाय मोकळा करणारा बंध अमेरिकेंतील पोर्टलंडचे ह्यालमार ह्वाम यांनीं १९३७ सालीं, स्वतःचा पाय मोडल्यावर, योजिला. बंध फार सैल असला तर धांवतांनाच सुटतो. फार घट्ट असला तर पडल्यावरही सुटत नाहीं, आणि नडगी मोडण्याचा संभव असतो.

म्हणून गुलमर्गला जा कीं स्वित्झर्लंडला, दुकानदाराची पारख त्याच्या प्रश्नांवरून करावी. वजन, उंची, वय व कौशल्य विचारून आणि बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरांत पाहून जो बंधाचा आंकडा ठरवितो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. कांहींच न विचारतां पेंचकस फिरविणारा स्वस्त असूनही महाग पडतो. आपणही कौशल्याची बढाई मारूं नये; तिनें आंकडा वाढतो आणि धोकाही. बूट बदलला कीं बंध पुन्हां जुळवून घ्यावा. दर हंगामाच्या आरंभीं यंत्रावर तपासून घ्यावा. जवळच्या दुकानाचा खरा लाभ हाच, कीं त्याच कारागिराकडे पुन्हां जातां येतें.